डोळ्याचा पडदा आणि शहाणी माणसं

आमच्या शाळेतला तो मास्तर बाकीच्या मुलांचे कान पिळायचा, त्यांच्या पाठीत धपाटे घालायचा. आमच्या वस्तीतल्या मुलांना मात्र तो फेकून मारायचा. खडू, वही, पट्टी, हाताला येईल ते. चिमटा काढायचा झाला तरी हात लावावा लागतो ना. तेवढाही विटाळ त्याला नको होता. साठचं दशक संपत आलं होतं. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. शाळा म्युनिसिपालिटीची होती आणि सगळी माणसं समान आहेत असं तिच्या भिंतीवर रंगवून लिहिलेलं होतं. त्याच भिंतीखाली खुर्ची टाकून हा माणूस तपकीर ओढत बसायचा. सगळे त्याला गुरुजी म्हणत, अहोजाहो करत. मी त्याला तो म्हणणार आहे. या वयात मला कुणी वळण लावू नये.

मी पाचवीत होते. एके दिवशी त्यानं फळ्यावर सतरा सक एकशे बारा असं लिहिलं. मी जागेवरूनच म्हटलं, "एकशे दोन." म्हटलं म्हणजे तोंडातून निघून गेलं. पाढे मला पाठ होते आणि चूक ऐकवत नव्हती, एवढाच माझा गुन्हा. त्यानं वळून बघितलं आणि हातातला डस्टर फेकला. लाकडी डस्टर, खाली जाड कापड चिकटवलेला. तो लाकडाच्या बाजूनं माझ्या डाव्या डोळ्यावर बसला. वर्गात कुणी हसलं नाही. तो म्हणाला, "जा, नळावर धुऊन ये." मग फळ्यावरचा आकडा बोटानं पुसून त्यानं एकशे दोन केला आणि पुढचं शिकवायला लागला.

डोळा सुजून बंद झाला. माझे धाकटे दोघे भाऊ दारातून बघत होते आणि आई तव्यावर फडकं गरम करून शेकत होती. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, एका कंपनीत पॅकिंग खात्यात होते. दुसऱ्या दिवशी ते अर्धा दिवस रजा काढून शाळेत गेले आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "गुरुजी म्हणतात, चुकून लागलं."

आई म्हणाली, "आन् तुमी काय म्हणला?"

"मी काय म्हणणार? शिक्षक माणूस आहे."

आठवडाभरात सूज गेली, लाली गेली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय मिटला. माणसांना बाहेरून बरं दिसलं की पुरतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला उभं राहिलं की लांबवर एका कारखान्याची उंच चिमणी दिसायची. एक डोळा मिटून अंगठ्यानं ती झाकायचा खेळ मी खेळायची. एकदा उजवा डोळा मिटला तर चिमणीला टोकच नाही. वरचा भाग कुणी खोडरबरानं पुसून टाकावा तसा. डोळा उघडला की टोक जागेवर. मी दोन-चारदा करून बघितलं. मग मला रोज बघायची सवय लागली. सावली वरून, नाकाच्या बाजूनं उतरत होती. चिमणी दर आठवड्याला थोडी आखूड व्हायची. अंधारात मान वळवली की कडेला लखकन वीज चमकायची. मला वाटलं, सगळ्यांच्याच डोळ्यांत असं होत असेल. दहा वर्षांच्या पोरीला दुसऱ्याच्या डोळ्यातलं काय माहीत?

चिमणी अर्धी उरली तेव्हा मी आईला सांगितलं. तिनं लगेच माझा उजवा डोळा पदरानं झाकला आणि आपल्या कपाळाकडे बोट करून विचारलं, "हितं काय हाय?" मला तिची हनुवटी दिसत होती, कपाळ दिसत नव्हतं. तिनं पदर खाली घेतला. अण्णा घरी येईपर्यंत तशीच चुलीपुढं बसून राहिली.

नाक्यावर एक डॉक्टर होता. सर्दी असो, जुलाब असो, पाय मुरगळलेला असो, तो गुलाबी औषधाची बाटली द्यायचा आणि बाटलीवर डोस मोजायला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. त्यानं बॅटरी मारून माझ्या डोळ्यात बघितलं. कशासाठी बघितलं देव जाणे, कारण त्याला काही दिसलं नाही. "अशक्तपणा आहे," तो अण्णांना म्हणाला. "आणि या वयात मुली जरा नाटकं करतात. लक्ष देऊ नका." गुलाबी बाटली दिली. मी ती महिनाभर प्यायले. बाटलीतलं औषध डोळ्यापर्यंत कुठल्या रस्त्यानं जातं, हे विचारायची अक्कल मला होती, पण विचारायची सोय नव्हती. शेजारची मावशी कांद्याचा रस घालायला आली होती. तिला आईनं दारातूनच परत पाठवलं. तेवढं एक बरं झालं.

शाळेत मी फळ्यावरचं वाचताना मान वाकडी करायला लागले. त्या मास्तरानं मला पुढं उभं केलं. मला म्हणाला, "हातानं उजवा डोळा झाक. ही किती बोटं?" त्यानं हात वर धरला होता. मला हात दिसत नव्हता, त्याचं धोतर दिसत होतं. मी म्हटलं, "दिसत नाही." तो वर्गाकडे बघून म्हणाला, "शाळा बुडवायला हिचा डोळा गेला." या वेळी वर्ग हसला. आमच्या वस्तीतली पोरंसुद्धा हसली. मी त्यांना दोष देत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी त्यांना दोष देते.

शेवटी आईनंच मनावर घेतलं. घाटकोपर स्टेशनजवळ एक म्हातारा गुजराती चष्मेवाला होता. बायकांवर खेकसणारा, काळ्या टोपीतला, तोंडात सदा सुपारी. आईला वाटलं होतं, चष्मा लागला असेल. त्यानं माझ्या नाकावर ती लोखंडी जड फ्रेम चढवली, एकामागून एक भिंगं घातली, काढली. डाव्या डोळ्याला कुठलंच भिंग लागू पडेना. त्यानं फ्रेम काढून ठेवली आणि मला विचारलं, "मार लागला होता?"

"हो. डस्टरचा."

"कधी?"

मी सांगितलं. तो आईवर ओरडला, "एवढे महिने काय झोपली होती काय? हा नंबर नाय. आतमधी पडदा सुटला असणार. काच लावून काय होणार? हिला आज मुलुंडला घेऊन जा. ती नवीन डॉक्टरीण आली आहे ना डोळ्याच्या दवाखान्यात, तिलाच दाखव. आणि उड्या मारू देऊ नको हिला, समजली?"

आईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या वेळी मला त्याचा राग आला. झोपलो आम्ही सगळेच होतो, आणि बोलणी एकट्या तिला बसली. पण आजवरच्या सगळ्या गोड बोलणाऱ्या माणसांनी मिळून जे केलं नाही, ते त्या खेकसणाऱ्यानं दहा मिनिटांत केलं होतं.

मुलुंडचा तो दवाखाना एका ट्रस्टचा होता. बहुतेक मोतीबिंदूचे म्हातारे. डॉक्टरीण पस्तिशीची असेल, केस कापलेले, बोलणं तुटक. माझ्या डोळ्यात थेंब घालून तासभर बसवून ठेवलं, बाहुली मोठी होऊन सगळं पांढरंफट्ट दिसायला लागलं. मग तिनं मला खोलीत आडवं केलं, कपाळाला पट्ट्यानं दिवा बांधला आणि हातात भिंग धरून माझ्याभोवती फिरायला लागली. पायाकडून, डोक्याकडून, दोन्ही बाजूंनी. मधूनच एका बारीक धातूच्या काडीनं पापणीवरून डोळा दाबायची. दुखत होतं. ती सॉरी वगैरे काही म्हणाली नाही. "रडू नकोस, मला दिसत नाही," म्हणाली. मग टेबलावर गोल छापलेला एक कागद घेऊन निळ्या आणि लाल पेन्सिलीनं चित्र काढायला लागली. मी विचारलं, हे काय.

"तुझा डोळा. लाल आहे ते जागेवर आहे. निळं आहे ते सुटलेलं."

अर्ध्याहून जास्त निळं होतं.

"कसं लागलं?" तिनं विचारलं.

अण्णा पटकन म्हणाले, "खेळताना पडली."

मी म्हटलं, "गुरुजींनी डस्टर फेकला."

डॉक्टरीण थांबली. तिनं अण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. अण्णांना म्हणाली, "डोळा तिचा आहे, त्यामुळे तिचंच लिहिते." अण्णा भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. वडील या शब्दाला जो काही मान मी तोवर देत होते, तो त्या खोलीत गेला.

मग तिनं आईला समजावून सांगितलं, कारण ऐकत आईच होती. "भिंतीचा पोपडा सुटतो ना, तसं झालंय. डोळ्याच्या आतल्या बाजूला पातळ पडदा असतो, त्यावरच सगळं दिसतं. मार लागून तो कडेला फाटला. फटीतून पाणी मागे गेलं आणि पडदा सुटत गेला. आता मागचं पाणी काढायचं. जिथं फाटलंय तिथं बाहेरून गोठवून चिकटवायचं. आणि सिलिकॉनची पट्टी बाहेरून शिवून भिंतच आत दाबायची, म्हणजे ती पडद्याला जाऊन टेकेल."

"दिसंल का वो तिला?" आईनं विचारलं.

"पडदा बसेल असं वाटतं. नजर किती येईल ते सांगणार नाही. तीन महिने आधी आणली असती, तर सांगितलं असतं."

मला त्याच दिवशी ठेवून घेतलं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. चांगल्या डोळ्यावरही, कारण एक हलला की दुसरा हलतो. उशांना टेकवून, मान डावीकडे कलती करून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं नाही. आई चमच्यानं भरवायची. चार दिवस मी नुसती आवाज ऐकत पडून होते. मुलं असलं शांतपणे सहन करत नाहीत म्हणून डॉक्टरीण रोज दोनदा यायची आणि दम द्यायची. मी हलले नाही. धीट होते म्हणून नाही. मला राग होता, आणि राग धरून माणूस बराच वेळ न हलता पडू शकतो.

तिसऱ्या दिवशी तपकिरीचा वास आला. मागोमाग आवाज. "काय बाळ, कशी आहेस?"

त्यानं मला आयुष्यात पहिल्यांदा बाळ म्हटलं. डॉक्टरणीनं शाळेला पत्र पाठवलं होतं, म्हणून हा उमाळा. अण्णांची खुर्ची सरकली. "गुरुजी, बसा, बसा," अण्णा म्हणाले. मला पट्टीखाली डोळे मिटून घ्यावेसे वाटले. ते मिटलेलेच होते.

तो म्हणाला, "मुलं काहीबाही बोलतात. पत्रात काय काय लिहिलंय. आमची सेवा संपत आली, आता या वयात हे..."

"नाही नाही गुरुजी. पडलीच ती," अण्णा म्हणाले.

"तसं तुम्ही एकदा डॉक्टरणीबाईंना सांगा म्हणजे झालं. बाळ, तुला बिस्किटं आणलीत हं." कागदाचा आवाज झाला. पुडा स्टुलावर ठेवल्याचा.

मी हात पुढं केला. म्हटलं, "हातात द्या."

"इथं ठेवलीत, बाळ. आई देईल."

"मला दिसत नाही. हातात द्या, गुरुजी."

मी पंजा पसरून तसाच धरून ठेवला. मान हलवता येत नव्हती, पण हात माझा होता. बाहेर दवाखान्यातली आया कुणाला तरी ओरडत होती. आई पलंगाच्या कडेला बसली होती. ती पुडा उचलून माझ्या हातात ठेवू शकली असती. तिनं ठेवला नाही. बऱ्याच वेळानं पुडा वरून माझ्या तळहातावर पडला. वीतभर उंचीवरून सोडलेला. बोटाला बोट लागू न देता बरोबर मध्यभागी. डोळे बांधलेले असताना मी त्या माणसाला जितकं स्वच्छ बघितलं, तितकं पुन्हा कधी बघितलं नाही.

"घेऊन जा," मी म्हटलं.

अण्णा म्हणाले, "अगं, असं बोलू नये."

आईनं माझ्या हातातून पुडा घेतला आणि ती म्हणाली, "घेऊन जावा गुर्जी. तिला चावायची बंदी हाय." तो गेला. पुडा घेऊन गेला, हेही सांगितलं पाहिजे.

ऑपरेशनच्या दिवशी तोंडावर जाळीचा मुखवटा ठेवून ईथर दिलं. त्या गोड वासाची मला अजून शिसारी आहे. शुद्धीवर आले तेव्हा डोळा सुजून डोक्याएवढा झाला आहे असं वाटत होतं. उलटी होऊ द्यायची नव्हती. आईनं रात्रभर माझं कपाळ धरून ठेवलं आणि मी दात आवळून ती गिळली. पुन्हा पट्ट्या, पुन्हा वाळूच्या पिशव्या, या वेळी उताणं.

त्यातल्याच एका दिवशी ट्रस्टी आले. गरीब रुग्णांना सफरचंद वाटायला. सोबत फोटोग्राफर. अत्तराचा आणि नव्या कापडाचा वास माझ्या पलंगाशी येऊन थांबला. "लहान मुलगी आहे, वा. हिच्याबरोबर घेऊ," एक जाडा आवाज म्हणाला. "पण चेहराच दिसत नाही. एका डोळ्याची पट्टी काढा की. चांगला आहे ना एक? आणि जरा उठवून बसवा."

आया खरंच पुढं आली. तिचे गार हात माझ्या कानामागे लागले, पट्टीची गाठ शोधत. तेवढ्यात आई मध्ये पडली.

"हात लावायचा न्हाय."

"बाई, दोन मिनिटांचं काम आहे. फोटो छापून आल्याशिवाय देणगी येत नाही. तुमच्यासारख्यांचंच भलं होतं त्यात."

"माझ्या लेकीला हात लावायचा न्हाय म्हणते मी. त्या डाक्टरीणबाईला बोलवा. ती म्हणली काढ, तर मी सोता काढीन."

डॉक्टरणीला बोलवायची हिंमत त्यांच्यात नव्हती. ट्रस्टी खोलीबाहेर जाताना म्हणाले, "या लोकांना उपकारांची जाणीव नाही." या लोकांना. मग पलीकडे मोतीबिंदूच्या एका म्हातारीला उठवून बसवलं आणि तिच्या हातात सफरचंद दिलं. तिच्या तोंडात दात नव्हते. मी कॅमेऱ्याचा आवाज ऐकला.

आठवड्यानंतर पट्टी सुटली. डॉक्टरणीनं उजवा डोळा झाकला आणि विचारलं, "काय दिसतं?"

उजेड होता. वरची सावली गेली होती, पूर्ण गेली होती. पण समोर सगळं धुरकट आणि वाकडं. खिडकीचे गज पाण्यात बुडवल्यासारखे मध्ये वळलेले. तिचा चेहरा होता, त्यात नाक कुठे ते कळत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिनं पुन्हा डोक्याला दिवा बांधला, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाली, "पडदा बसलाय. छान बसलाय." मग कपाळावरचा दिवा सोडत, "मधला भाग फार दिवस सुटलेला होता. वाचायला हा डोळा चालणार नाही. रस्ता ओलांडायला चालेल."

"बघा, दिसायला लागलं!" अण्णा हात जोडून म्हणाले.

"मी काय सांगितलं ते ऐकलंत का?" डॉक्टरीण म्हणाली. अण्णांनी हात जोडलेलेच ठेवले.

शाळेचं उत्तर आलं होतं. असा कोणताही प्रकार शाळेत घडलेला नाही, विद्यार्थिनी खेळताना पडल्याचे पालक स्वतः सांगतात. डॉक्टरणीनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसली. चांगलं हसू नव्हतं ते. तेवढ्यासाठी मी तिला आजही मानते. बाकीचे मला गप्प बसवायला बघत होते, तिनं मला निदान कागद वाचून दाखवला.

मी त्याच शाळेत, त्याच वर्गात परत गेले. त्यानं मला पहिल्या बाकावर बसवलं आणि नंतर कधी काही फेकलं नाही. माझ्यावर. बाकीच्यांवर खडू चालूच होते. दोन वर्षांनी तो निवृत्त झाला. त्याला शाल-श्रीफळ मिळालं, आदर्श वगैरे भाषणं झाली. आमच्या वस्तीतल्या एका पुढाऱ्यानंसुद्धा हार घातला. मी गेले नव्हते. अण्णा गेले होते.

पुढं दर सहा महिन्यांनी, मग वर्षानं, मुलुंडला तपासायला जायचो. मी सतरा वर्षांची झाले, मॅट्रिक पास झाले, त्या साली डॉक्टरीण दवाखाना सोडून दुसऱ्या शहरात जाणार होती. शेवटच्या वेळी तिनं दोन्ही डोळे बघितले आणि म्हणाली, "उजवा जपून वापर. नोकरीच्या फॉर्मवर डाव्याबद्दल खोटं लिहू नकोस, पण विचारल्याशिवाय सांगूही नकोस." अण्णा सोबत होते. बाहेर पडून आम्ही आग्रा रोडवरच्या बस स्टॉपवर उभे राहिलो. बस येत नव्हती. सात वर्षं मी जे विचारलं नव्हतं, ते तिथं विचारलं.

"तुम्ही पडली म्हणून का सांगितलंत?"

अण्णा रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "तुझे दोघे भाऊ त्याच शाळेत होते. त्याच्याच वर्गात जायचे होते पुढं."

"मग?"

"मग काय. एक डोळा गेला होता. बाकीचे पाच शाबूत ठेवायचे होते."

मी म्हटलं, "हिशोब चांगला आहे, अण्णा." जितक्या कडवटपणे म्हणता येईल तितक्या. बस आली, आम्ही चढलो, घाटकोपर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. तो हिशोब मला तेव्हा पटला नाही. आजही पटत नाही. त्या पाचांतला एक माझा होता आणि त्यानं मी सगळं बघत होते, हे त्यांनी हिशोबात धरलं नव्हतं.

मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. रोज सकाळी अण्णा मला बस स्टॉपपर्यंत सोडायला यायचे, ते निवृत्त झाल्यावरसुद्धा. रस्त्यानं चालताना ते नेहमी माझ्या डावीकडून चालायचे. मी बाजू बदलली तर तेही वळसा घालून पुन्हा डावीकडे यायचे आणि सायकल आली, हातगाडी आली, की कोपराला हलकेच धरून मला आत ओढायचे. मला ते कळत होतं. त्यांना बरं वाटेल असं काही बोलायची माझी तयारी नव्हती, आणि मी बोलले नाही.